बांधावरचा भुऱ्या

एका किनाऱ्यावर भुऱ्या नावाचा कुत्रा पर्यटकांनी टाकलेले वडे खाऊन गुबगुबीत झाला होता. पावसाळा आला तसे पर्यटक गेले, टपऱ्या बंद झाल्या. उपाशी भुऱ्या गावात शिरला.

तिथली म्हातारी कुत्री ढवळी म्हणाली, "भातशेतीत रानडुकरं शिरतात. राखण करशील?"

"मला फक्त शेपटी हलवता येते."

"मग शिक की!"

भुऱ्या बांधावर राहू लागला. एका पहाटे भलंमोठं डुक्कर चालून आलं. भुऱ्या जीव खाऊन भुंकत त्याच्या अंगावर धावला. डुक्कर चिखल उडवत रानात पळालं!

शेतमालकीण भागीरथीकाकू भाकरी घेऊन धावत आली. शेजारणींना ओरडून म्हणाली, "बघितलंत? हा आमचा कुत्रा!"

भुऱ्याने मान ताठ केली. किनाऱ्यावर कित्येकांनी त्याला खाऊ घातलं होतं, पण 'आमचा' कोणीच म्हटलं नव्हतं.