मेणाने अडवलेली सांज

एका राज्यात, नाव विचारू नका, सांगणाऱ्यालाही ते कुणी सांगितलं नाही, काळ पाण्यात राहत असे. राजवाड्यासमोरच्या बुरुजावर पाण्याने भरलेलं घंगाळ होतं. त्यात तांब्याची वाटी तरंगे. वाटीच्या बुडाला सुईने पाडावं एवढं भोक. त्यातून पाणी आत शिरे, वाटी भरे, बुडे. की घटका संपली. मग घटका राखणारा सिदोजी काशाच्या थाळीवर टोला देई.

दिवसाच्या घटका तीस. एकोणतीस घटकांना एक वाटी, आणि तिसाव्या घटकेला दुसरी, सिदोजीच्या पणजोबांच्या हातची. तिला सांजवाटी म्हणत. ती बुडाली, टोला पडला, की सुतार किकरं पालथं ठेवी, लोहार घण आडवा करी, प्रधान लेखणी खाली ठेवी, आणि सगळे एकच वाक्य म्हणत, "उरलं ते उद्याचं." मग काय ती सांज! पारावर गप्पा, अंगणात लंगडी, चुलीवर भाकरीचा खरपूस वास. कुणाची गाय हंबरे, कुणाची आजी ओरडे. तेव्हा कुणाला वाटलं नाही की हेच सुख. ते रोजचंच होतं ना!

सिदोजीची लेक चिमणा, सात वर्षांची, आईवेगळी. टोला ऐकला की उंबऱ्यावर येऊन बसे आणि बापाची वाट पाही.

पुढे राजा रत्नध्वजाच्या मनाने घेतलं की सात मजली महाल बांधावा, असा की तिन्ही लोकांत नाही. महाल काही पुरा होईना. तेव्हा काळकंठ नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"महाराज, रोजची सांज फुकट जाते," तो म्हणाला. "मला द्या. मी एकेक सांज माझ्या रांजणात साठवून ठेवीन. महाल पुरा झाला की सगळ्या एकदम परत. हवं तेवढं सुख भोगा."

राजाला पटलं. प्रजेलाही पटलं बरं का! साठवलेलं सुख कुणाला नको?

"पण सांज अडवायची ती घटका राखणाऱ्यानेच," काळकंठ म्हणाला आणि मेणाची गोळी पुढे केली.

राजाने आपल्याला नावाने बोलावलं, यातच सिदोजीची छाती फुगली. तो बुरुजावर गेला. इतक्यात चिमणा दुपारची भाकरी घेऊन आली.

"बाबा, माझा दात हलतोय. बघा ना."

सिदोजीची नजर वाटीवर. "संध्याकाळी बघू," तो म्हणाला, आणि लेक गेल्यावर त्याने सांजवाटीचं भोक मेणाने बुजवलं.

त्या दिवसापासून संध्याकाळ झालीच नाही. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टांगून राही, कामं चालत, चालतच राहत; मग एकदम अंधार पडे. माणसं अंधारात घरी येत आणि अंधारातच निघत. सिदोजी आला की उंबऱ्यावर लेक बसलेली दिसे. बसल्या बसल्या झोपली पोर, असं म्हणून तो तिच्या अंगावर घोंगडी घाली, शेजारी भाकरी ठेवी. सकाळी भाकरी संपलेली असे. पोर जेवली, आणखी काय हवं?

असं वर्ष गेलं. एका पहाटे घोंगडी सारखी करताना त्याचा हात तिच्या दंडाला लागला. दंड गार. दगड! पायांपासून गळ्यापर्यंत लेक दगडाची झाली होती. डोळे तेवढे उघडे, वाटेवर लागलेले. सिदोजीने शेजारच्या उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे म्हातारी आई दगडाची. पलीकडे नवी सून दगडाची. घरोघरी जे कुणी सांजेला वाट पाहत बसे, ते दगड झालं होतं, आणि वर्षभरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग भाकरी कोण खात होतं?" तो मोठ्याने म्हणाला.

"मी," वळचणीवरून साळुंकी बोलली. "रागावू नकोस. सांज नाही म्हणून आम्हाला झाडावर परतायची वेळ कळत नाही. पडेन तिथे राहते, मिळेल ते खाते."

"अगं, मला सांगायचं तरी!"

"रोज सांगत होते. तू कधी थांबलास? आता ऐक. तीन दिवसांनी दगड डोळ्यांपर्यंत चढेल. मग ना मंत्र, ना तंत्र."

सिदोजी धावत बुरुजावर गेला, मेण टोचू लागला. सुई मोडली. मेण दगडाहून घट्ट झालं होतं.

"ते सांजेच्या उबेनेच वितळेल," साळुंकी म्हणाली. "आणि सांजा काळकंठाच्या गुहेत आहेत. चल."

पहिल्या दिवशी उतावळी नदी लागली. घाई करणाऱ्याला पाहिलं की ती रुंद होते. सिदोजीने पाय टाकला, पैलतीर कोसभर लांब गेलं. तो काठावर बसला, पण बोटांवर घटका मोजू लागला. नदी गुडघ्याशी चढली.

"मोजणं सोड," साळुंकी म्हणाली.

"आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?" सिदोजी रडकुंडीला आला. शेवटी हात मांडीवर सोडून तो पाण्यात पाय हलवत बसला. बारके मासे तळव्यांना टोचू लागले, आणि त्याला हसू फुटलं. लहानपणी आईबरोबर ओढ्यावर तो असाच बसे. किती वर्षं झाली! डोळे वर केले तर नदी घोट्याएवढी.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या खिंडीत एक राक्षसीण फुटाणे भाजत बसली होती.

"बस. माझ्याबरोबर खा," ती म्हणाली. "एकेक दाणा, चावून चावून. भराभर गिळलास तर मी तुला गिळीन."

"मावशी, माझी लेक दगड होतेय हो."

"माझ्याबरोबर शंभर वर्षांत कुणी जेवायला बसलं नाही. बस."

सिदोजी बसला. पसाभर फुटाणे त्याने एकेक करून खाल्ले. राक्षसिणीने आपल्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या, त्याने ऐकल्या. एक दाणा असा कडक निघाला की त्याची दाढ हलली. पसा संपला तेव्हा राक्षसिणीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिने वाट मोकळी केली.

तिसऱ्या दिवशी तो गुहेत पोचला. काळकंठ रांजणाशी बसला होता. पूर्वी पांढरे असलेले त्याचे केस आता काळेभोर झाले होते, कारण तो रोज राज्याच्या सांजा पीत होता. परत द्यायच्या त्याच्या मनातच नव्हत्या.

"रांजणाच्या तळाशी थोड्या उरल्यात," तो म्हणाला. "तुझी अडवलेली पहिली सांज मागायला आलास? त्या सांजेत तुझ्या घरी काय व्हायचं होतं ते सांग. सांगितलंस तर घेऊन जा. तीनदा चुकलास तर तूही दगड."

"टोला द्यायचा होता," सिदोजी म्हणाला.

"ते काम झालं. चूक."

"लेक वाट पाहणार होती."

"ती रोजच पाहते. त्या दिवशी कशासाठी?"

सिदोजी आठवू लागला. त्या दिवशी वाटी कितव्यांदा बुडाली, वारा कुठून होता, मेणाची गोळी केवढी होती, सगळं आठवत होतं. लेक काय बोलली ते काही केल्या आठवेना. अरे देवा! काळजाचा तुकडा समोर उभा होता आणि मी वाटीकडे बघत राहिलो! विचार करता करता त्याची जीभ आपसूक हलत्या दाढेकडे गेली.

"दात," तो म्हणाला. "तिचा दात हलत होता. मी म्हणालो होतो, संध्याकाळी बघू."

रांजणातून पेरूएवढा केशरी उजेड वर आला आणि त्याच्या ओंजळीत बसला. कोमट होता. त्याला चुलीचा वास होता.

ओंजळ छातीशी धरून सिदोजी परतला. नदी आपण होऊन आटली, आणि तीन दिवसांची वाट एका दुपारात सरली. तो बुरुजावर चढला तेव्हा सूर्य शेंड्यांवर टांगलेला होता आणि दगड चिमणाच्या पापणीला भिडला होता. ओंजळीची ऊब लागताच मेण विरघळलं. सांजवाटी पाण्यावर ठेवली. पाणी आत शिरू लागलं, थेंबाथेंबाने, नेहमीच्या चालीने.

राजा धावत आला. त्याची राणीही सज्जात दगड झाली होती, आणि त्याला ते आजच कळलं होतं. "सिदोजी, बोटाने दाब ती वाटी! बुडव लवकर!"

सिदोजीचा हात वाटीकडे गेला. पण त्याने तो मागे घेतला. "नाही महाराज. तिच्या वेळेनेच बुडू दे. नाहीतर ती सांज नव्हे."

दोघे घंगाळाशी बसले, राजा आणि चाकर, अख्खी घटका, काही न करता. वाटी बुडाली. सिदोजीने टोला दिला.

आणि संध्याकाळ झाली! तिकडे गुहेत रांजण फुटला, काळकंठाचे केस पांढरे होऊन गळाले. इकडे साळुंक्यांचा थवा कलकलाट करत पिंपळावर उतरला. सातव्या मजल्याचा एक खांब उभारायचा राहिला होता. राजाने त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उरलं ते उद्याचं." तो खांब अजून तसाच आहे म्हणतात. प्यालेल्या सांजा मात्र कुणालाच परत मिळाल्या नाहीत. म्हातारी माणसं कधीकधी त्या वर्षाची आठवण काढत.

सिदोजी घराकडे निघाला. धावला नाही, पण पावलं काही जमिनीवर टेकत नव्हती. वाटेत उंबऱ्याउंबऱ्यावर दगड झालेली माणसं हलून उठत होती. उंबऱ्यावर चिमणा घोंगडी झटकून उभी होती.

"बाबा, संध्याकाळ झाली," ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडून दाखवलं. "आता बघा."

सिदोजी तिच्यासमोर मांडी घालून बसला, आणि अंधार पडेपर्यंत त्याने तो दात पाहिला.