मान खाली, पाय चैत्रांगणात

फार पूर्वी, पुण्यात पेशव्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. एका गावात एक कारकून राहायचा. त्याची बायको मोठी हिकमती. आपल्या लेकीनं, सगुणेनं, सरदारांच्या घरची सून व्हावं, पालखीतून मिरवावं, हा एकच ध्यास तिनं घेतला होता. पण ना घराणं मोठं, ना पोरगी रूपानं उजवी. मग बाईनं पोरीचं शील पुढे केलं.

"आमची सगुणा परपुरुषाकडे मान वर करून बघत नाही हो," असं ती पाणवठ्यावर सांगे, देवळात सांगे, कोणी विचारलं नाही तरी सांगे. घरात मात्र शिकवणी चाले. मान किती झुकवायची, पदर कुठवर ओढायचा, लाज वाटली की अंगठ्यानं जमीन कशी उकरायची, सगळं घोटून घेतलं जाई. बिचारी सगुणा मान अवघडून रडकुंडीला यायची.

ही कीर्ती गावातल्या सरदारवाड्यात सरदारीणबाईंच्या कानावर गेली आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला मायलेकींना बोलावणं आलं.

"आज सोनं होईल नाहीतर माती," आई वाटेत बजावत होती. "चुकलीस तर जन्मभर चूल फुंकत बसशील."

दिवाणखान्याचा उंबरा सगुणेनं अगदी खालमानेनं ओलांडला. पण डोळे का कोणाच्या ताब्यात असतात? पदराआडून ते भिरभिरू लागले. वर झुंबरं, समोर सरदारीणबाईंची टपोरी नथ, पलीकडच्या सोप्यात सरदारांचा मुलगा आणि त्याच्या कानातली भिकबाळी. एवढ्यात पायाखाली काहीतरी भुरभुरीत लागलं.

गौरीपुढे रांगोळीचं चैत्रांगण रेखलं होतं. देवीची कुंकवानं भरलेली पावलं तुडवूनच सगुणा आली होती! तळवे लालभडक झाले. तिनं घाईघाईनं बसून पाय लुगड्याखाली ओढून घेतले. कोणी पाहिलं का? पन्हं पुढे आलं, ते तिनं बसल्या बसल्याच घेतलं. आता कोणी उठायला सांगितलं तर?

सरदारीणबाई शेजारी येऊन टेकल्या. "पहिल्यांदाच आलीस ना, बाळ? काय काय पाहिलंस आमच्याकडे? भिऊ नकोस, सांग."

खरं सांगून टाकावं असं सगुणेला फार वाटलं. शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात आईनं कोपरानं ढोसलं.

"मी... मी जमिनीखेरीज काहीच पाहिलं नाही, बाईसाहेब."

"अगबाई, काय हे शील!" जमलेल्या बायका एका सुरात म्हणाल्या. सरदारीणबाईंनी मात्र गौरीकडे बोट केलं. तिथून सगुणेपर्यंत लाल पावलं उमटली होती.

"जमीनच बघत होतीस, तर चैत्रांगण कसं तुडवलंस?" त्या म्हणाल्या. "अगं, झुंबरं बघितली म्हणाली असतीस तर मी हसले असते. नवी नवरी होऊन आले तेव्हा मीही तीच बघत उभी होते. सुनेची नजर इकडेतिकडे गेली तर चालेल मला, पण तिचा शब्द खरा हवा."

त्यांनी आईची ओटी भरली, निरोप दिला. लग्नाचा विषय काढलासुद्धा नाही.

वाटेत आई कपाळ बडवून घेत होती. "मेले, एवढं शिकवलं, तरी तुला खाली बघता आलं नाही?"

सगुणा हुंदके देत म्हणाली, "आई, तू मला मान खाली घालायला शिकवलंस. बघायला कुठं शिकवलंस?"

तात्पर्य काय, तर मिरवायला काढलेलं शील आधी आपल्याच पायाखाली येतं.