साळूचं अपील

एका संस्थानात अंबादासराव नावाचे न्यायाधीश होते. साळू कुंभारणीची नदीकाठची भट्टीची जागा त्यांनी निकालात आपल्याच व्याह्यांना देऊन टाकली. त्या भट्टीवर साळूचं घर चालत होतं. निकालाविरुद्ध महाराजांकडे अपील करता येत असे, पण एकदा निकाल मान्य केला की तो हक्क संपला.

अंबादासरावांनी भरल्या कचेरीत विचारलं, "बाई, निकाल मान्य आहे ना? नाही म्हणालीस, तर न्यायासनाचा अपमान केला म्हणून कोठडीत टाकीन."

शिपाई पुढे सरकला. हो म्हटलं तर भट्टी गेली, नाही म्हटलं तर कोठडी.

साळूने हात जोडले. "सरकार, असा न्याय मी जन्मात पाहिला नाही. तो महाराजांच्या कानावर गेलाच पाहिजे. पण मी अपील केल्याशिवाय तो तिथवर पोचणार कसा?"

कचेरीत कुणीतरी खाकरलं. अंबादासरावांचा चेहरा उतरला. अडवावं, तर स्वतःच्याच न्यायाची भीती वाटते हे सगळ्यांना दिसणार. त्यांनी मुकाट्याने परवानगी दिली.

महाराजांनी निकाल ऐकून एवढंच विचारलं, "जागा मिळालेले हे गृहस्थ न्यायाधीशांचे कोण लागतात?"

त्याच आठवड्यात साळूने आपली भट्टी पुन्हा पेटवली.