आव्याची कड

"माझी मडकी मी वेगळी भाजली, तर त्यात कुणाचं काय गेलं, बाबा?"

हैबती कुंभार फकीर चांदशाबाबांच्या तकियाच्या पायरीवरही बसला नाही. उभ्यानंच विचारलं.

आमच्या गावात कुंभारांच्या सात घरांचा मिळून एकच आवा, मडकी भाजायची भट्टी, लागतो. मधली मडकी खणखणीत भाजतात, कडेची काळी पडतात, काही कच्चीच राहतात. म्हणून कड पाळीनं येते. शिकाऊ माणसाची मडकी मात्र नेहमी मधे.

यंदा कड हैबतीची. पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नाही, हे खरं. पण ते तोही विसरू देत नसे.

"साठ माठ आहेत. कच्चे निघाले तर व्यापारी दुसरं गाव धरील. वर्षभर खाऊ काय?"

चांदशाबाबा विडी विझवत म्हणाले, "बरोबर आहे. लाव वेगळा आवा."

मी बाबांजवळच बसलो होतो, मला रागच आला. हैबतीचे माठ गेले, तर बाकी सहा घरांचा आवा भरणार कसा? आणि बाबा खुशाल "लाव" म्हणतात!

एवढ्यावर न थांबता ते त्याच्याबरोबर निघाले. मीही गेलो, झक मारत.

हैबतीनं खड्डा खणलेलाच होता. शेण्या रचल्या, माठ लावले. वरून झाकायला खापऱ्या हव्या होत्या.

"तुझ्या खापऱ्या आण," बाबा म्हणाले.

"माझं मडकं फुटत नाही, बाबा."

"मग?"

"गावच्या फुटक्या मडक्यांच्या ढिगातल्या घेतो. सगळे घेतात."

तो ढिगाकडे गेला. एक खापरी उचलली... आणि हातात धरून उभाच राहिला.

"कुणाची?"

"बायजाकाकूची. ही वेलाची नक्षी तिनं एकाच साली काढली होती."

"अर्धी काळी का?"

"कड तिची होती."

"आणि मधे कोण होतं?"

"मी होतो, बाबा. पहिलंच साल माझं. काकूचे निम्मे माठ वाया गेले. माझा एकही नाही. त्याच बाजारात माझं नाव झालं."

बोलता बोलता तो खाली बसला. "एवढ्या वर्षांत मी तिला साधं 'काकू, तुझ्यामुळं' असंही म्हटलं नाही."

डोळे पुसायला त्यानं हात वर केला, तर तोंडाला सगळी खापरीवरची राख. माझा राग तिथंच गेला. आयुष्यभर मीही कुणाकुणाच्या मधे बसून भाजलो होतो की.

हैबतीनं माठ एकेक करून बाहेर काढले. मग बाबांचे पाय धरले.

"बाबा, आता कड कायमची माझी. दर साली मीच घेतो. कुणालाच नको."

बाबांनी पाय मागे घेतले.

"पुढची कड बायजाची आहे. देणारा तू एकटाच का? तिची तिला राहू दे."