विसावा चौकोन

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात आबा चितारी नावाचे एक वृद्ध कलावंत राहत असत. तरुणपणी त्यांनी एका फोटो स्टुडिओत कृष्णधवल छायाचित्रांना हाताने रंग भरण्याचे काम केले होते. पुढे रंगीत फोटो आले आणि ते काम संपले. तेव्हा पन्नाशी उलटलेली असताना आबा संगणकापुढे बसले आणि फोटो एडिटिंगचे सॉफ्टवेअर शिकले. आता सत्तरी ओलांडल्यावर ते ही विद्या दोन-तीन मुलामुलींना आपल्या घरीच शिकवीत. शिकवताना बोलत फार कमी. शेजारी बसून पाहत राहत, आणि कधीतरी एखादी रंगाची छटा दाखवून म्हणत, “ही जरा दमाने उतरव.”

त्यांच्या शिष्यांत हर्षला नावाची एक चोवीस वर्षांची मुलगी होती. मोबाईलच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढी जी चित्रे असतात, ज्यांना आपण आयकॉन म्हणतो, ती करण्यात तिचा हात विलक्षण चाले. गोलसर कोपऱ्यांचा चौकोन, वरून खाली फिकट होत जाणारा रंग, कडेला पुसटशी सावली आणि माथ्यावर ओल्या जांभळावर असावी तशी चकाकी. तिचे चित्र इतके मऊ दिसे की बोटाने दाबून पाहण्याचा मोह व्हावा. आपल्याला हे साधते, याची तिलाही जाणीव होती.

त्याच गावात अनघाताई म्हणून एक बाई होत्या. पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली आहे, अशांना पुन्हा बोलते करण्याचे काम त्या करीत. एके दिवशी त्या आबांकडे आल्या. त्यांच्याकडे असे बारा रुग्ण होते. त्यांना सगळे समजे, पण बोलता येत नसे, आणि बहुतेकांचे लिहिणे-वाचणेही त्याच झटक्यात हरवले होते. त्यांच्यासाठी टॅबच्या पडद्यावर वीस छोटी चित्रे हवी होती. रुग्णाने हव्या त्या चित्रावर बोट ठेवावे आणि घरच्यांनी ओळखावे, अशी योजना होती. बाजारात मिळणारी चित्रे परकी वाटतात, रंगही डोळ्यांवर येतात, असे त्यांचे म्हणणे होते. आबांनी ते काम हर्षलाकडे सोपवले.

हर्षलाने दहा दिवस खपून वीस चित्रे केली. पाणी, भात, चहा, औषध, पंखा, पांघरूण, शौच, डोके दुखते, पोट दुखते, भूक नाही, असे एकेक. पाण्याचा तांब्या तिने फिकट निळ्या पार्श्वभूमीवर ठेवला, औषधाच्या गोळीला गुलाबी रंग दिला, पंखा नुसता पाहिला तरी वारा लागेल असा केला. विसावे चित्र तिचे सर्वांत लाडके होते. तो हसणारा सूर्य होता, ‘आज बरे वाटते’ असे सांगण्यासाठी. त्याच्या गालावरची केशरी छटा जुळवायलाच तिला एक पूर्ण दिवस लागला होता.

आबांनी सगळी चित्रे शांतपणे पाहिली. चांगली झाली आहेत, असे म्हणाले. मग त्यांनी माऊस आपल्या हातात घेतला आणि तो विसावा सूर्य पुसून टाकला. उरला तो केवळ एक कोरा चौकोन, दुधात चिमूटभर हळद मिसळावी तशा रंगाचा, बाकीच्यांसारखाच मऊ कोपऱ्यांचा.

हर्षलाने विचारले, “आबा, त्यात काही चुकलं होतं का?”

“नाही. एकोणीस पुरेत.”

“पण मग ही जागा मोकळी दिसेल. लोकांना वाटेल काम अर्धवट राहिलं.”

“वाटू दे,” आबा म्हणाले. “तू फक्त एखाद्या पेशंटच्या घरी जाऊन बस. कोणी या चौकोनावर बोट ठेवलं तर मला येऊन सांग.”

हर्षला घरी गेली ती मनातून दुखावूनच. सूर्य पुसण्यामागे आबांच्या मनात काय होते ते तिला उमगले नाही, आणि विचारण्याचा धीरही झाला नाही. तरी आज्ञा मोडायची नाही म्हणून दुसऱ्या दिवशी टॅब घेऊन ती अनघाताईंनी सांगितलेल्या पहिल्या घरी गेली.

ते घर सोपानराव शेलारांचे. सोपानरावांनी तीस वर्षे एसटीची गाडी चालवली होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आता ते खाटेला टेकून बसत, डाव्या हाताने खुणा करीत आणि खुणा कळल्या नाहीत की भिंतीकडे तोंड फिरवीत. त्यांची पत्नी कौसल्याबाई त्यांचे सगळे करीत. हर्षलाने टॅब मांडला, तेव्हा सोपानरावांनी पंख्यावर बोट ठेवले, पाण्यावर ठेवले, आणि दोन्ही गोष्टी मिळाल्यावर त्यांच्या डोळ्यांत जरा उजेड आला. हर्षलाला बरे वाटले.

पण दुपारी ताट आले आणि सगळे बदलले. मऊ भात आणि आमटी होती. सोपानरावांनी ताटाकडे पाहिले आणि डाव्या हाताने ते कौसल्याबाईंकडे सरकवले. त्यांनी ते परत पुढे केले. सोपानरावांनी पुन्हा सरकवले. मग टॅबवर त्यांचे बोट फिरू लागले. भातावर गेले, तिथून उचलले. पोटदुखीवर गेले, तिथूनही उचलले. आणि शेवटी ते त्या कोऱ्या चौकोनावर येऊन थांबले. तिथे त्यांनी दोनदा, तीनदा बोट आपटले. कोणालाच काही कळेना. तेव्हा त्यांनी टॅब बाजूला लोटला आणि भिंतीकडे तोंड केले.

कौसल्याबाई हर्षलाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. रोज दुपारी असेच होते, असे त्यांनी सांगितले. कसेबसे चार घास पोटात जातात. वजन उतरत चालले आहे. असेच चालले तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. हे सगळे त्या सरळ आवाजात सांगत होत्या. मग एकाएकी त्या ओट्याला टेकल्या.

“ह्यांना माझ्या हातचं नको झालंय, बाळा. चाळीस वर्षं खाल्लं, आता नको झालं. तोंडानं सांगता येत नाही, म्हणून ताट ढकलतात.”

संध्याकाळी हर्षलाने आबांना सांगितले की सोपानरावांनी कोऱ्या चौकोनावर बोट ठेवले. आबांनी मान हलवली. सोपानरावांचे म्हणणे काय होते, असे त्यांनी विचारले. ते कळले नाही, असे हर्षलाने सांगितले. “मग उद्याही जा,” एवढेच आबा बोलले.

ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. या दोन दिवसांत तिने संगणक उघडला नाही. तिसऱ्या दिवशी कौसल्याबाईंनी आग्रह करून तिचेही पान वाढले. हर्षला जेवू लागली. सोपानराव तिच्याकडे पाहत होते, आणि आज त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिचे ताट त्यांनी पाहिले, आपले ताट पाहिले, आणि मग कौसल्याबाईंच्या हातांकडे पाहिले. त्या हातांत वाढण्याचा डाव होता. सोपानरावांनी आपले ताट त्या हातांकडे सरकवले आणि कोऱ्या चौकोनावर बोट ठेवले.

हर्षलाचा घास हातातच राहिला. तिने सहज विचारल्यासारखे विचारले, “काकू, तुम्ही कधी जेवता?”

कौसल्याबाई म्हणाल्या की ह्यांचे जेवण आटोपले की भांडी, मग अंथरुणाचे कपडे धुवायचे, मग औषधाची वेळ. तीन-चार वाजता उभ्याउभ्याच काहीतरी खाऊन घेते, आणि एखादे दिवशी राहूनही जाते.

“आणि काकांना बरं होतं तेव्हा?”

“तेव्हा ड्युटी कधीही सुटायची ह्यांची. कधी दोनला येणार, कधी पाचला. पण उंबऱ्यातनं आत पाऊल टाकलं की पहिलं विचारणार, जेवलीस का. नाही म्हटलं की कावणार. मग एकत्र बसायचो.” हे त्या जुनी हकीकत सांगावी तसे सांगत होत्या, आणि सांगतासांगताच आमटी वाढण्यासाठी वाकल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातही आले नव्हते.

हर्षलाच्या ते ध्यानात आले होते. तिच्या ओठांवर शब्द आले, आणि तिने ते गिळले. ‘जेवलीस का’ हा प्रश्न तिचा नव्हता. ज्याचा होता, तो माणूस दोन महिने तो विचारण्यासाठी धडपडत होता. तिने तो सांगून टाकला असता तर कौसल्याबाईंना ताट सरकवण्याचे कारण कळले असते, पण सोपानरावांचे विचारणे राहूनच गेले असते. तिने कौसल्याबाईंना एवढेच विनवले की मला तुमच्या हाताचा एक फोटो काढू द्या. त्या संकोचल्या, पदराला हात पुसून त्यांनी तो पुढे केला.

ती घरी न जाता थेट आबांकडे गेली आणि संगणकापुढे बसली. हाताच्या फोटोतले घर, जमीन, पदर हे सगळे तिने काढून टाकले. त्वचेवरच्या रेषा विरघळवून सगळा हात दोन-तीन उबदार छटांमध्ये आणला, कडा मऊ केल्या. हातापुढे एक लहानसे ताट ठेवले, त्यात भाताची मूद आणि तिच्या शेजारी पिवळा वरणाचा ठिपका. मोठे करून पाहिले तेव्हा चित्र सुरेख दिसत होते. नखाएवढे केले तेव्हा मनगटावरच्या चार हिरव्या बांगड्या मिसळून नुसता हिरवा डाग उरला. तिने चारांच्या दोन केल्या, जाडसर आणि ठसठशीत. तरी काहीतरी खटकत होते. आबा मागे येऊन उभे राहिले होते. ताटाची चकाकी कमी कर, नाहीतर नजर आधी ताटावर जाईल, असे त्यांनी सुचवले. चकाकी तिची आवडती युक्ती होती. तिने ती पूर्णच काढून टाकली. मग तो हात स्पष्ट दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅबवरचा विसावा चौकोन भरलेला होता. ताट आले. सोपानरावांनी नेहमीप्रमाणे ते सरकवले आणि बोट सवयीने त्या जागेकडे गेले. पण ते वाटेतच थांबले. बराच वेळ ते त्या चित्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी बोट हलकेच त्यावर टेकवले, आणि मान वर करून पत्नीकडे पाहिले.

कौसल्याबाई वाकून पाहू लागल्या. “हा तर माझा हात,” त्या म्हणाल्या. त्यांनी चित्राकडे पाहिले, पुढे आलेल्या ताटाकडे पाहिले, आणि खाटेच्या कडेला बसल्या.

“नाही,” त्या अगदी हळू बोलल्या. “अजून नाही जेवले.”

सोपानरावांनी बोट उचलले नाही. कौसल्याबाई उठल्या, आत गेल्या, दुसरे ताट घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर बसल्या. त्यांनी पहिला घास घेतल्यावर सोपानरावांनी डाव्या हाताने चमचा उचलला. त्या दुपारी ताट रिकामे झाले. हर्षला तोवर बाहेर ओसरीवर जाऊन बसली होती.

संध्याकाळी तिने आबांना सगळे सांगितले, आणि मग इतके दिवस मनात असलेले विचारले. “आबा, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं का?”

“मला काय ठाऊक असणार?” आबा म्हणाले. “तुझी वीस चित्रं मी पाहिली. सूर्य सोडला तर बाकीची सगळी काहीतरी मागण्याची, नाहीतर तक्रार सांगण्याची होती. पाणी द्या, औषध द्या, पंखा लावा. माणूस आजारी पडला की त्याला फक्त घ्यायचंच असतं, असं आपण धरून चालतो. माझी बायको शेवटचे चार महिने बोलत नव्हती. ती माझा हात धरून काहीतरी सांगायला बघायची, आणि मी प्रत्येक वेळी पाण्याचा पेला पुढे करायचो. तिला मला काहीतरी द्यायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काय द्यायचं होतं, ते आता कळायचं नाही. कोणाच्या मनात काय आहे ते आपण इथे बसून काढू शकत नाही, हर्षला. जागा तेवढी ठेवू शकतो. आणि तुझा सूर्य फार छान होता म्हणूनच तो काढला. त्याच्यापुढे ती जागा कोणाला दिसली नसती.”

हर्षलाने संगणक बंद केला आणि अनघाताईंना फोन लावला. उरलेल्या अकरा जणांचे पत्ते तिने लिहून घेतले. फोन ठेवण्यापूर्वी तिने आणखी एक गोष्ट विचारली, ती म्हणजे प्रत्येकाच्या घरी दुपारचे जेवण किती वाजता असते.