ओवाळणीतलं नाणं

चंडसेन राजाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा त्याने चामड्याची नाणी पाडली आणि दवंडी पिटवली, "हे नाणं जो नाकारील, त्याचा हात तोडला जाईल!" मग काय, वाटेल तितकी नाणी निघू लागली. सकाळी मूठभर नाण्यांना मिळणारी ज्वारी संध्याकाळी पोतंभर नाण्यांनाही मिळेना. पण तोंड उघडायची कुणाची छाती होत नव्हती.

नागशेट वाण्याच्या तोंडून एकदा निघून गेलं, "हे नको." शिपायांनी त्याला दुकानातूनच उचललं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी हात तोडायचा, असं ठरलं.

भाऊबीजेला पेठेतल्या बायकांनी राजाला ओवाळायचं, अशी तिथली रीत होती. नागशेटची बायको येसूही तबक घेऊन गेली. ओवाळून झाल्यावर राजाने सवयीने कमरेच्या थैलीतून चांदीचा जुना रुपया काढून तबकात टाकला.

येसू जागची हलली नाही. "महाराज, नवं नाणं घाला ना."

राजा खेकसला, "वेड लागलंय का तुला? निरांजनाशेजारी चामडं? मी नाही घालणार!"

येसू म्हणाली, "आमच्या ह्यांनीही तेवढंच केलं, महाराज. त्यांचा हात उद्या तुटणार. तुमचा कधी?"

उद्याच्या शिक्षेसाठी बोलावलेला जल्लाद दारात उभा होता, तो राजाच्या हाताकडे बघू लागला. राजाने तो हात हळूच शेल्याखाली घेतला.

त्या संध्याकाळी नागशेट घरी जेवला, तो उजव्या हातानेच.