परवलीच्या शब्दाची दवंडी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे मागच्या निवडणुकीच्या थोडं आधी, एक रान होतं. रानात झाडं होती, झाडांवर माकडं होती आणि माकडांच्या खाली बाकी सगळे होते. राजा होता अस्वल. तो रीतसर निवडून आलेला होता. मध आणीन, असं वचन देणारा तो एकटाच उमेदवार होता. त्याने मध आणलाही. पुढचं काही वचनात नव्हतं.

या रानात कोंडाक्का सरकारी नोकरीत होती. जातीने खवले मांजर, वयाने पोक्त, तोंडात दात एकही नाही. तिच्याकडे नोंदगुहा होती. गुहेत रानातल्या प्रत्येक बिळाचं एकेक ताडपत्र रचून ठेवलेलं. पुढचं दार कुठे, पिलं किती, आणि मागची वाट कुठे उघडते, सगळं त्यावर लिहिलेलं.

मागची वाट म्हणजे पुढून शत्रू आला की पळायची वाट. ती फक्त घरातल्यांना माहीत असते, म्हणून तर तिचा उपयोग. पण महाराजांनी हुकूम काढला होता, ‘बीळ नोंदवा, चारा मिळवा.’ नोंद नसलेल्यांचा चारा बंद झाला. मग सगळ्यांनी रांगेत उभं राहून मागच्या वाटा सांगितल्या. काहींनी तर शेजाऱ्यांच्याही सांगितल्या.

गुहेला दार नव्हतं. कोंडाक्काच दार होती. गुहेच्या तोंडाशी ती अंगाचं गोल वेटोळं करून बसायची. खवले घट्ट मिटले की हत्तीलाही हलायची नाही. आलेल्याने परवलीचा शब्द सांगितला, की उलगडायचं आणि वाट द्यायची, एवढा तिचा नियम. शब्द दोघांनाच माहीत होता, तिला आणि महाराजांना. महाराज तो पहिल्याच आठवड्यात विसरले होते. त्यामुळे नऊ वर्षं नोंदी अगदी सुखरूप होत्या.

मग माहितीमंत्री हुप्पेसाहेब तपासणीला आले. साहेब माकड होते. ते सोबत बसायची फांदी घेऊनच आले.

“शब्द किती जुना आहे, कोंडाक्का?”

“नऊ वर्षं झाली, साहेब.”

“नऊ वर्षं एकच शब्द! आणि नदीपलीकडचे कोल्हे काय झोपा काढतायत?”

“त्यांना तो माहीत नाही, साहेब.”

“माहीत नाही, याचा काही लेखी पुरावा?”

पुरावा नव्हता. शब्द बदलायचं ठरलं.

इथपर्यंत कोंडाक्काची काही हरकत नव्हती. पण त्या रानाची एक जुनी रीत होती. महाराजांचा कुठलाही निर्णय दवंडी पिटल्याशिवाय लागू व्हायचा नाही. सुतारपक्षी पोकळ सागावर चोच बडवायचा, चारी दिशांना ओरडायचा, मगच हुकूम पक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकठक झाली.

“ऐका हो ऐका! आजपासून नोंदगुहेचा गुप्त शब्द ‘मोहाचं फूल’! हा शब्द कुणीही कुणालाही सांगू नये होऽऽ!”

कोंडाक्का धावत मंत्र्यांकडे गेली. “साहेब, एवढ्या एका हुकमाची दवंडी नको होती हो.”

हुप्पेसाहेब दुखावले. “दवंडीविना हुकूम म्हणजे हुकूमशाही, कोंडाक्का. आपला कारभार पारदर्शक आहे. लपवाछपवी कोण करतं? ज्याच्याकडे लपवण्यासारखं असतं तो.”

“नोंदगुहेत लपवण्यासारखंच तर आहे, साहेब.”

“बघा,” साहेब म्हणाले, “तुमच्याच तोंडून निघालं.”

दुपारी एक कोल्हा आला. पाय ओले होते, नदी ओलांडून आल्यासारखे. “मोहाचं फूल,” तो नम्रपणे म्हणाला.

“तुम्ही कोल्हे ना?”

“मोहाचं फूल,” कोल्हा म्हणाला. “जात विचारायची सोय नियमात आहे का, अक्का? नसेल तर उलगडा.”

नियमात सोय नव्हती. कोंडाक्का उलगडली. कोल्ह्याने साळिंदराचं पान घेतलं, पोच म्हणून पंजा उमटवला, ‘सहकार्याबद्दल आभार’ म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी साळिंदराचं घर मागून उघडलं गेलं. साळिंदर काट्यांमुळे वाचला. वर्षभराचे कंद वाचले नाहीत.

रानात ओरड झाली. तेव्हा महाराजांनी सभा घेतली.

“मित्रांनो!” महाराज गरजले. “आपल्या गुहेत कुणीही घुसलेलं नाही! जो आला तो शब्द सांगून आला. आणि शब्द सांगून येतो त्याला या मातीत काय म्हणतात?”

“पाहुणा!” पुढच्या रांगेतली माकडं ओरडली. त्यांना पुढची रांग त्याचसाठी दिलेली होती.

तरीही सुरक्षा वाढवली गेली. शब्द आता अवघड हवा. त्यात किमान आठ अक्षरं, एक डरकाळी आणि शेपटीचा एक झटका असायलाच हवा. तो रोज बदलायचा. मग रोज तीनदा. सुतारपक्ष्याची चोच झिजली, तेव्हा त्याच्या हाताखाली आणखी दोन सुतारपक्षी नेमले. सशांना डरकाळी जमेना, बेडकाला शेपटी सापडेना. आपलंच पान बघायला आलेली जनावरं तिसऱ्यांदा चुकली की त्यांचा महिन्याचा चारा अडायचा. शेवटी हुप्पेसाहेबांनी लोकांच्या सोयीसाठी रोजचे तिन्ही शब्द वडाच्या बुंध्यावर कोरायला लावले, नदीकडच्या अंगाला, म्हणजे उजेड चांगला पडतो.

बिनचूक शब्द आता एकाच जातीला यायचा. डरकाळी तर ते महाराजांपेक्षा बरी काढायचे.

एका सकाळी तोच कोल्हा पुन्हा आला. आठ अक्षरं म्हटली, गुरगुरला, शेपटी झटकली. “सशांची पानं हवीत. सगळी.”

सशांच्या वस्तीतल्या येसूला चारच दिवसांपूर्वी पाच पिलं झाली होती. डोळेही उघडले नव्हते त्यांचे. नोंद कोंडाक्काने स्वतःच्या नखाने केली होती, ‘मागची वाट, करवंदीच्या जाळीत.’

शब्द बरोबर होता. उलगडणं भाग होतं. पण कोंडाक्काने नऊ वर्षं सरकारी नोकरी काढली होती. वेटोळ्यातूनच ती शांतपणे म्हणाली,

“पानं ओली आहेत. उद्या या.”

“मी शब्द सांगितला की!”

“बरोबर सांगितलात. उद्या पण बरोबर सांगा.”

कोल्हा आल्या पावली परत फिरला. या एका वाक्यावर कुठल्याच रानात उतारा नाही.

तो दिसेनासा झाला, तशी कोंडाक्का तडक येसूच्या बिळावर गेली.

“येसू, नवी वाट खण. आत्ता. सगळ्यांना सांग. आणि कुठे खणलीस ते मला सांगू नकोस.”

“तुम्हालाही नाही, अक्का?”

“मला तर मुळीच नाही. मी कुलूप आहे गं. कुणी शब्द म्हटला की मी उलगडते.”

“मग चारा? नोंद बदलली नाही तर...”

“पिलं आधी की चारा आधी?”

येसू खणायलाही लागली होती.

दुसऱ्या दिवशी कोल्ह्याला पानं मिळाली, सगळी, वाळलेली, पोच घेऊन. चाळीस कोल्हे चाळीस जुन्या वाटांपाशी संध्याकाळपर्यंत दबा धरून बसले. येसूच्या वाटेवरचा तर करवंदीच्या काट्यांनी ओरखडून निघाला. चाळीस कोल्हे उपाशी परत गेले.

लगेच सभा झाली. “काल रानात एकही शिकार झाली नाही!” महाराज गरजले. “हे कशाचं यश?”

“अवघड शब्दाचं!” पुढची रांग ओरडली.

पण हुप्पेसाहेब हुशार होते. त्यांना ताजी माती दिसली. ठकठक झाली. “ऐका हो ऐका! रानात बेकायदा वाटा आढळल्या आहेत! तीन दिवसांत नोंदवा, नाहीतर चारा कायमचा बंद होऽऽ!”

पुन्हा रांग लागली. पहिली येसू होती. कोंडाक्काने ताडपत्र पुढे ओढलं. तिला विचारावंसं वाटत नव्हतं, पण तेच तर तिचं काम होतं.

“मागची वाट कुठे उघडते?”

येसूने तिच्याकडे पाहिलं. एक कान खाली, एक कान वर. “महाराजांच्या सिंहासनामागे.”

कोंडाक्काचं नख क्षणभर थांबलं. सांगणारा सांगेल ते लिहायचं, खरं-खोटं तपासायची सोय नियमात नव्हती. तिने लिहिलं.

“पुढचा.”

“सिंहासनामागे,” साळिंदर म्हणाला.

“सिंहासनामागे, अक्का,” बेडूक म्हणाला. त्याला तर बीळच नव्हतं, पण रांग दिसली म्हणून उभा राहिला होता.

तिसऱ्या दिवशी कोल्हा आला. डरकाळी, शेपटी, सगळं यथासांग. कोंडाक्का पहिल्यांदाच मनापासून उलगडली. “घ्या, सगळी वाळलेली आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज सिंहासनावर बसले, तर मागे नदीपलीकडचे झाडून सगळे कोल्हे दबा धरून बसलेले. महाराजांनी मागे वळून पाहिलं. एवढी गर्दी त्यांनी निवडणुकीनंतर पाहिली नव्हती. ते उठले आणि बोलायला लागले. कोल्हे सशांची वाट बघत बसले, आणि भाषण संपेपर्यंत तिथेच अडकले. भाषण दुपारी संपलं.

“पाहिलंत?” हुप्पेसाहेब टाळ्या वाजवत म्हणाले. “शेजारीही आपल्याला मानतात!”

त्याच सभेत कोल्ह्यांना सुरक्षा सल्लागार नेमण्यात आलं. गुहेची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नव्हती, हे सगळ्यांना मान्य झालं. नोंदी कशा फुटल्या, याच्या चौकशीची समितीही त्यांच्याकडेच दिली.

येसूच्या पिलांचे डोळे त्याच आठवड्यात उघडले. ती कुठल्या वाटेने बाहेर येतात हे कोंडाक्काला अजून माहीत नाही, आणि तिने कधी विचारलंही नाही.

समितीचा अहवाल आला आहे. तो अत्यंत गोपनीय असून रानात कुणालाही पाहता येत नाही. ज्यांना वाचायचा असेल त्यांनी नदीपलीकडे चौकशी करावी.